भीती नंतर, आधी तांब्या

स्वयंपाकघराच्या दाराआड आपण एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबून ठेवतो ना, तसे आमच्या क्लासचे किस्से साठलेत. कुणी मुद्दाम जमवत नाही. एक काढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि परत घडी घालून ठेवायला कुणाला वेळ नसतो.

परवा माझी भाची म्हणाली, "मावशी, मोठ्या माणसांना चित्र काढायला शिकवायचंय. एखादं चांगलं पुस्तक सांग ना." मी पुस्तकाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत बोलत राहिले. नाव सांगायचं राहूनच गेलं. का राहिलं, ते तुम्हीच ऐका.

*

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाल्यावर घरी बसून नवऱ्याला वळण लावण्यापेक्षा चिंचवडला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवार सकाळचा क्लास काढला. गेटवर बोर्ड लावला, 'मोठ्यांसाठी ड्रॉइंग क्लास. अनुभवाची गरज नाही.'

आपण राहतो कुठे, हे मात्र बोर्ड लावताना डोक्यात आलं नाही. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात ड्रॉइंग म्हणजे पार्टबरोबर कंपनीत येतं ते. "ड्रॉइंग आलं का?" "ड्रॉइंगप्रमाणे नाही, रिजेक्ट कर." पहिल्या रविवारी पाचसहा जण आले, ते रोलर स्केल, कंपास आणि टोकदार पेन्सिली घेऊन. एकानं बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, तुमचं सर्टिफिकेट प्रमोशनला चालेल ना?"

मी टेबलावर एक वांगं ठेवलं. त्यांनी वांग्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेकाला महत्त्वाचे फोन यायला लागले. वांग्यासमोर शेवटी एकटेच उरले, भानुदास लोंढे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, राहायला काळेवाडीत, मूळचे धाराशिवकडचे.

लोंढे मान खाली घालून काम करत होते. थोड्या वेळानं मी जाऊन बघते तर कागदावर तीन वांगी. एक समोरून, एक वरून, एक बाजूनं. मधोमध तुटक रेघ, आणि पोटाच्या घेराला बाण लावून माप लिहिलेलं.

"मॅडम, देठाला टॉलरन्स किती धरू? म्हणजे मापात फरक किती चालंल?"

"लोंढे, संध्याकाळी त्याची भाजी करायचीय मला."

"मग जनरल टॉलरन्स लिहितो," लोंढे म्हणाले आणि लिहिलंसुद्धा.

*

बाकीचे गेले, तुम्ही कसे राहिलात, असं मी त्यांना विचारलं. तेव्हा लोंढ्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांच्या आईला पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. "आधी इतकं बोलायची मॅडम, आमच्या गल्लीत कुणाला घड्याळ लागायचं नाही. कोण कामाला गेलं, कुणाकडं पाणी आलं, समदं मायच सांगायची." शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही, त्यामुळे लिहून दाखवायचा प्रश्नच नव्हता. ती काहीतरी आवाज करते. घरचे विचारतात, पाणी? गोळी? पंखा? दोनतीनदा चुकलं की ती भिंतीकडे तोंड फिरवते.

"एकदा तिकडं तोंड केलं की जीव जातो बघा माझा," लोंढे म्हणाले.

दवाखान्यातून चित्रांचा एक तक्ता मिळाला होता. हवं त्या चित्रावर पेशंटनं बोट ठेवायचं. त्यात टबमध्ये आंघोळ करणारी बाई, सँडविच, आणि हॅट काढून नमस्कार करणारा एक गृहस्थ. लोंढ्यांची आई बाकी सगळं सोडून त्या हॅटवाल्याकडेच बघत बसली. हा पाहुणा कोण आणि याला आधी चहा दिला का नाही, एवढीच काळजी तिच्या तोंडावर.

मी म्हटलं, अहो, मग मोबाईलवर आपल्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढा की.

"काढले की. तांब्याचा फोटो दाखवला. तर तांब्याच्या मागं गॅस आलाय. माय सारखी गॅसवरच बोट ठेवायली. मी चारदा उठून बटन बघून आलो, बंद हाय का. फोटोत समदंच येतंय मॅडम. मला निस्ता तांब्या पाहिजे."

निस्ता तांब्या. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, पण चित्र कशासाठी काढायचं याचं इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

"आमच्याकडं प्रत्येक मशीनला मॅन्युअल असतं," लोंढे म्हणाले. "तसं एखादं चांगलं पुस्तक सांगा, म्हणजे मी बसून करतो."

माझ्या कपाटात पुस्तकांना तोटा नव्हता. मी म्हटलं, त्यात काय, पुढच्या रविवारी देते.

*

पण पुढच्या रविवारी क्लासला नवी माणसं आली, आणि माझ्या आधी त्यातल्या निखिलचं पुस्तक आलं. निखिल ताथवड्याचा, आयटीत आहे. हा मुलगा चित्र काढण्यापेक्षा चित्रावरची पुस्तकं जास्त काढतो, म्हणजे कुरिअरच्या खोक्यातून. ते पुस्तक परदेशी, गुळगुळीत कागदाचं आणि उशीइतकं जाड होतं. मोठ्या माणसांसाठीच लिहिलेलं. मोठ्या माणसांना चित्र का येत नाही, तर त्यांच्या मनात भीती असते, असं त्यात म्हटलं होतं. त्यामुळे पहिला धडा भीतीचा.

निखिल मराठी करून वाचायला लागला. "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. आता तुमची भीती कागदावर उतरवा."

निखिलनं स्वतः एक काळा भोवरा काढला. आमचे बबनतात्या, म्हणजे चिंचवड गावठाणातले, सूनबाईंनी रविवारी घर आवरायला मोकळं मिळावं म्हणून क्लासला घातलेले, त्यांनी एक कुत्रं काढलं. मी विचारलं, हे काय? "आमच्या गल्लीतलं हाय," तात्या म्हणाले. "लई चावतंय."

लोंढे पेन्सिल धरून तसेच बसले होते. मग हळूच म्हणाले, "मॅडम, भीती नंतर काढतो. आधी तांब्या काढू का?"

निखिलला वाईट वाटलं. त्यानं पुस्तकात तांब्या शोधला. वाइनचा ग्लास होता, व्हायोलिन होतं, भोपळा होता. शेवटी म्हणाला, "कवटी आहे. खूप डिटेलमध्ये दिलीय."

"कवटी कशाला मागंल हो ती?" लोंढे म्हणाले.

*

मग उज्ज्वलाताईंनी पुस्तक आणलं. त्यांचं काळेवाडीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. त्यांच्या नातवाचं जुनं पुस्तक, लहान मुलांचं. आधी एक गोल काढा, त्याला खाली दुसरा गोल, झाला तांब्या. मला मनातून जरा कमीपणा वाटला, पण लोंढ्यांचा हात त्या पुस्तकानं मोकळा झाला हे कबूल करायला हवं. त्यांनी आठवड्यात तांब्या, पंखा, दिवा, नळ आणि औषधाची बाटली काढली.

एकच अडचण होती. त्या पुस्तकात प्रत्येक वस्तूला डोळे होते आणि प्रत्येक वस्तू हसत होती. लोंढ्यांनी सगळं जसंच्या तसं उतरवलं.

रविवारी चेहरा पाडून आले. आईनं हसणाऱ्या तांब्याकडे पाहिलं. मग हसणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग लोंढ्यांना जवळ ओढलं आणि चांगला होता तो डावा हात त्यांच्या कपाळावर ठेवला.

"ताप बघितला माझा," लोंढे म्हणाले.

तात्यांनी ती औषधाची बाटली निरखून पाहिली. "आतल्या गोळीला बी डोळं असत्याल. मंग गिळायची कशी?"

"अहो लोंढे, ते डोळे गाळायचे ना," मी म्हटलं.

"ड्रॉइंगमध्ये होते मॅडम. आपल्या मनानं बदल करायचा न्हाई, ही सवयच झालीय."

*

आता माझी पाळी होती. मी शाळेच्या चित्रकला परीक्षांसाठी वापरायचे ते जुनं मार्गदर्शक काढलं. त्यातला छायाप्रकाशाचा धडा म्हणजे माझा हुकमी एक्का. छटा कशी चढवायची, उजेड कुठून येतो, वस्तूची सावली कुठे पडते. सावली दिली की वस्तू टेबलावर बसते, नाहीतर ती हवेत लोंबकळते, हे वाक्य मी इतक्या मुलांना सांगितलंय की झोपेतही म्हणत असेन.

लोंढ्यांनी एक चहाचा कप घेतला आणि बरेच रविवार त्या कपाला दिले. काय कप झाला होता! मी तो क्लासमध्ये सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हटलं, याला म्हणतात बसलेला कप. लोंढे कप घेऊन घरी गेले.

पुढच्या वेळी आले ते माझ्याकडे बघेनात.

"काय झालं? ओळखला नाही त्यांनी कप?"

"ओळखला की. लगेच ओळखला." लोंढे जरा घुटमळले. "पण मॅडम, माय पदर घेऊन कपाच्या खाली पुसायली. चहा सांडलाय, आसं वाटलं तिला. पुसायली, पुसायली, जाईचना ते. मग चिडली. मंगलवर चिडली, बशी दिली नाही म्हणून."

मंगल म्हणजे लोंढ्यांची बायको. बिचारीला बशी आणून त्या कागदावर ठेवावी लागली.

"म्हणजे सावली..." मी म्हटलं.

"रिजेक्ट, मॅडम," लोंढे अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "राग मानू नका."

मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो एवढा हसला की त्या दिवशी त्याला जेवण उशिरा मिळालं.

*

सावली गेली, हसू गेलं, आणि लोंढ्यांची चित्रं बरी व्हायला लागली. नुसती बाहेरची जाड रेघ, एका कागदावर एकच वस्तू. आई पाण्यासाठी, चहासाठी बोट ठेवायला लागली होती. पण जी गोष्ट सगळ्यात जास्त लागायची ती वस्तू नव्हती. एका कुशीवर पडून पडून अंग दुखायचं आणि 'मला वळवा' हे तिला सांगता येत नव्हतं. त्यासाठी माणूस काढायला यायला हवा होता.

माणूस काढायचं माझ्याकडे एक उत्तम पुस्तक आहे. शरीराची ठेवण, बसलेली माणसं, झोपलेली माणसं, सगळं अभ्यासपूर्ण. आता अभ्यासपूर्ण म्हटल्यावर त्यातल्या कुणाच्याच अंगावर कपडा नाही. मी ते लोंढ्यांच्या हातात देणार, तेवढ्यात उज्ज्वलाताई म्हणाल्या, "मी आधी जरा चाळून देते." मला वाटलं, बाईंना गोडी लागली.

आठवड्यानं पुस्तक परत आलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकूणएक बायका कपड्यांत होत्या. पेन्सिलीनं ब्लाउज घातले होते, साड्या नेसवल्या होत्या. एका पळणाऱ्या बाईला तर दुपट्टासुद्धा दिला होता, आणि तो मागे उडत होता.

"ताई, हे काय केलंत?"

"उघडं बघवेना हो, मॅडम. काउंटरवर ठेवलं होतं, गिऱ्हाईक येतं माझ्याकडं."

"अहो, पण स्नायू दिसायला हवेत ना त्यात."

"दिसतील की," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "फिटिंगचं शिवलंय."

मी रागावणारच होते, पण लोंढे एका पानावर थांबले होते. तिथे कुशीवर झोपलेली एक बाई होती. तिला उज्ज्वलाताईंनी नऊवारी नेसवून डोक्यावरून पदर दिला होता. लोंढे म्हणाले, "ही तर माय." तेच त्यांनी उतरवून घेतलं. एका बाजूला भिंतीकडे तोंड केलेली बाई, दुसऱ्या बाजूला इकडे तोंड केलेली, आणि मधे बाण. बाण मात्र कंपनीतल्यासारखा, पट्टीनं काढलेला.

पुढच्या रविवारी मी क्लबहाउसचं कुलूप काढत होते तेव्हाच लोंढे जिन्यात उभे होते.

"मॅडम, बोट ठेवलं."

"कशावर?"

"बाणावर. आम्ही दोघांनी वळवलं तिला. तिनं डोळे मिटले अन् झोपली. भिंतीकडं तोंड केलं नाही, मॅडम. आमच्याकडं तोंड करून झोपली."

मला इतका आनंद झाला की किल्ली कुलपात तशीच राहिली. मी म्हटलं, चला, आधी चहा घेऊ.

*

त्या दिवसापासून क्लासमध्ये भीती, फळं, फुलं सगळं बंद झालं. सगळे लोंढ्यांसाठी पुठ्ठ्याची कार्डं काढायला लागले. पुस्तकं समोर उघडी असायची, पण त्यातून हात कसा चालवायचा तेवढंच घ्यायचं. वस्तू लोंढ्यांच्या घरच्या. पुस्तकं वाईट नसतात हो. फक्त त्यातलं घर दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

एकदा मोठं भांडण झालं. तात्यांनी मिश्रीची डबी काढून आणली. लोंढ्यांच्या आईला दातांना तंबाखूची मिश्री लावायची जुनी सवय होती, आणि डॉक्टरांनी ती पार बंद केली होती.

निखिल म्हणाला, "तात्या, जे द्यायचंच नाही त्याचा ऑप्शन ठेवायचा कशाला? त्यांना उगीच त्रास."

"मागू तर द्या बाईला," तात्या म्हणाले. "व्हय म्हणायचं का न्हाई म्हणायचं, ते भानुदास बघंल. पर तिनं काय मागायचं, ते आपुन कोन ठरवनार?"

लोंढ्यांनी ते कार्ड उचललं आणि बाकीच्या कार्डांच्या रिंगमध्ये ओवलं.

पंधरवड्यानं मी विचारलं, मिश्रीचं काय झालं?

"रोज मागते. मी नाही म्हणतो. ती पुन्हा बोट आपटते. मी पुन्हा नाही म्हणतो. काल तर कार्ड फेकून मारलं मला." हे सांगताना लोंढ्यांचा चेहरा लग्नाची पत्रिका द्यायला आल्यासारखा होता.

*

त्यानंतरच्या एका रविवारी लोंढे आलेच नाहीत. त्यांच्या जागेवर एक बाई येऊन बसली. हातात मिठाईचं खोकं.

"मी मंगल लोंढे. यांना आज ओव्हरटाइम लागला, म्हणून मी आले. पेढे द्यायचे होते."

"भानुदासचं प्रमोशन झालं का काय?" तात्यांनी विचारलं.

"नाही ओ."

"मुलांचा काही रिझल्ट?" निखिलनं विचारलं.

"नाही, नाही." तिला हसू येत होतं आणि डोळे भरले होते, त्यामुळे सांगायला वेळ लागला. "काल संध्याकाळी आईंना जेवायला घालत होते. दुधात कुस्करून भाकरी. तर त्यांनी कार्डं मागितली अन् भाकरीचं कार्ड काढलं. मला वाटलं, अजून पाहिजे. वाढली, तर ताट सरकवलं. पुन्हा तेच कार्ड. मला काही कळेना. तिथंच यांची पेन्सिल पडलेली होती. ती घेतली त्यांनी डाव्या हातात."

"मग?" उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"मग कार्डावर गिरवायल्या. मी म्हटलं, अहो, कार्ड खराब करायल्यात. हे म्हणाले, करू दे, हात लावू नको. आईंनी त्या भाकरीला कडेकडेनं काळं केलं. सगळीकडून. चांगला जोर लावून. मग पेन्सिल खाली ठेवली अन् माझ्याकडं बोट केलं."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे माझी भाकरी करपते," मंगल म्हणाली. "लग्न झाल्यापासून रोज म्हणायच्या. मधे बंद पडलं होतं."

तिनं पदरानं डोळे पुसले, खोक्याचं झाकण काढलं आणि आधी तात्यांच्या पुढे धरलं.

"घ्या ना, दोन-दोन घ्या."